आपल्या उन्हातलं मत

वऱ्हाडात पैसा पऱ्हाटीच्या मागं येतो. दसऱ्याच्या पुढं-मागं वेचणी सुरू होते, दिवाळीनंतर बंड्या मार्केटात लागतात, अन् मग कधीतरी हातात चुकारा पडतो. आमच्या दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या गावात कोणती नवी वस्तू कोण्या साली आली हे पाहायचं असेल, तर दुकानाचं बिल शोधू नये. त्या साली कापूस कसा झाला तेवढं विचारावं. रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेप, टीव्ही, मोबाइल, अन् आता पोट्ट्यांचे गेमचे कॉम्प्युटर, सगळं त्या पांढऱ्या बोंडातूनच आलं.

पण वस्तू येणं निराळं अन् तिच्याबद्दल मत होणं निराळं. गावात एखादा माणूस असतो, त्याला नव्या वस्तूचा शौक असतो. तो श्रीमंत असेलच असं नाही. तो आधी घेतो, खोलून पाहतो, बिघडवतो, दुरुस्त करतो, अन् मग आख्खं गाव त्याला विचारतं, ‘‘काहून बाप्पा, घ्या लायक हाय का नाही?’’ त्याच्या एका शब्दावर दहा घरांचे पैसे जातात किंवा राहतात. अशा माणसाला घरची माणसं उधळ्या म्हणतात. मला मात्र पन्नास वर्षं पाहून वाटतं की या शौकीन माणसांनी गावाला पुष्कळ शिकवलं. त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

माझ्या लहानपणी गावात दोन रेडिओ होते. एक मालगुजारासारखा वागणाऱ्या एका घरी, लाकडी पेटीचा मर्फी. दुसरा ग्रामपंचायतीचा. वीज नव्हती तेव्हा असल्या रेडिओला भलीमोठी कोरडी बॅटरी लागे, अन् छपरावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळीची पट्टी ताणलेली असे, ती एरियल. वर्षाला पोस्टात पैसे भरून लायसन नवं करावं लागे. १९८५ च्या सुमारास ते लायसन बंद झालं. आजच्या पोरांना सांगितलं की गाणं ऐकायला सरकारचं लायसन लागत होतं, तर ते हसतात.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं. आमच्याकडे दिवसा ते बरं लागे, रात्री खरखर. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा बिनाका गीतमाला ऐकायचा तर शॉर्टवेव्ह पाहिजे. म्हणून रेडिओ घेताना पहिला प्रश्न, ‘‘किती ब्यांडचा?’’ एका ब्यांडवाल्याला पोट्टे विचारत नसत. म्हातारे मात्र म्हणत, ‘‘नागपूरचे बाजारभाव लागले म्हंजे झालं, सिलोनले काय आपला कापूस इकाचा हाय?’’ एकाच वस्तूबद्दल ही दोन मतं, अन् दोन्ही खरी. ज्याचं त्याचं काम निराळं.

रेडिओ ऐकून त्यावर बोलावं, ही गोष्ट सरकारनंही एकदा मनावर घेतली होती. १९५६ साली पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर अन् उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवली गेली. युनेस्कोची त्याला मदत होती. कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, जमलं ते करून पाहायचं. वऱ्हाड त्यात नव्हता. पण आमच्या ओसऱ्यांवर असं मंडळ कोणी न बसवताच बसत होतं.

ते मंडळ पुरुषांचं होतं, हेही लिहिलं पाहिजे. रेडिओ ओसरीवर, अन् ओसरीवर बायांनी बसायचं नाही. माझी आई चुलीजवळून ऐके. तिचं मत कोणी विचारलं नाही. तिनं एकदाच सांगितलं होतं, ‘‘आवाज बारीक करू नका, मले इकडे आयकू येत नाही.’’ त्या रेडिओबद्दलचं सगळ्यात कामाचं मत तेच होतं. भिंतीपलीकडं आवाज जातो का, हे पेटीवर लिहिलेलं नसतं.

ट्रान्झिस्टर नावाचा बारीकसा तुकडा अमेरिकेत १९४७ मध्ये निघाला अन् त्यावरचे खिशातले रेडिओ १९५४-५५ मध्ये बाजारात आले. आमच्या गावात ते पोचायला १९७२ नंतरचा काळ उजाडला. ते दुष्काळाचं साल अन् त्याच हंगामात महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस द्यायचा सरकारला, चुकारा यायचा हप्त्या-हप्त्यानं. हप्ता आला की अमरावतीच्या राजकमल चौकाकडे नाहीतर अकोल्याच्या टिळक रोडला चक्कर होई, अन् परत येताना एखाद्याच्या खांद्याला कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर लटकलेला असे. तो घेऊन माणूस जागलीला वावरात जाई. रानडुकरं हाकलायची अन् विविध भारती ऐकायची.

आमच्या गावच्या शौकीनाची पारख इथं दिसली. त्यानं चार घरचे चार ट्रान्झिस्टर एका रात्री एकाच मचाणावर ठेवले, चौघांत नवे सेल घातले अन् कोणता कधी मुका होतो हे मोजलं. सेल महाग होते. उतरलेले सेल उन्हात वाळवून पुन्हा घालायचे दिवस ते. त्याचा निकाल असा की जो दिसायला सगळ्यात देखणा, तो सेल खातो, अन् ज्याचा आवाज थोडा दबका, तो आख्खा महिना काढतो. दुकानदार आवाजाची तारीफ करत होता. शौकीनानं खर्चाचा हिशेब केला. पुढं दोन वर्षं गावात तोच दबक्या आवाजाचा ट्रान्झिस्टर आला.

असं मोजून मत देण्याची सवय आमच्याकडे वस्तूंच्या आधी बियाण्यानं लावली. गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रातून १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस निघाला. आमच्याकडे तो आला तेव्हा कोणी जाहिरात पाहून पेरला नाही. शेजाऱ्याच्या वावरात उभा पाहिला, बोंडं मोजली, फवारे किती लागले ते विचारलं, मग पेरला. कंपन्याही हे ओळखून आहेत. त्या आपलं प्रात्यक्षिक नेहमी ओलिताच्या, चांगल्या शेतकऱ्याच्या, सडकेकाठच्या वावरात घेतात. मंडप टाकतात, जेवण देतात. पाहणारा कोरडवाहूवाला दिपून जातो अन् तेच बियाणं आपल्या बरड जमिनीत टाकतो. बियाणं खोटं नसतं, पण वावर दुसऱ्याचं असतं.

हीच गोष्ट मोठ्या पातळीवर आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितली होती. आमच्याच अमरावती जिल्ह्यातले पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या पुढाकारानं डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उद्घाटनाला होते. आमचा म्हातारा तिकडे जाऊन आला होता. देशोदेशीची यंत्रं पाहून आल्यावर तो म्हणे, ‘‘पाह्यलं सारं. पण आपल्या काळ्या चिखलात कोणतं रुतते अन् कोणतं निंगते, हे तिथं कसं समजन?’’ दिल्लीची जमीन कोरडी अन् सपाट. आमची काळी माती पावसात बैलाचा पाय सोडत नाही.

टेपरेकॉर्डर आला तेव्हा मतांना जोर चढला. ऐंशीच्या दशकात टू-इन-वन म्हणजे लग्नातली शान. मोठे दोन भोंगे, वर लाल-हिरवे दिवे, छाती हलवणारा बास. पण आमच्या भागात टेपवर सगळ्यात जास्त काय वाजे? भजन, कीर्तन, भीमगीतं. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरीची भजनं, अन् पुढं अकोटकडच्या सत्यपाल महाराजांची खंजिरीवरची कीर्तनं. शौकीन म्हणे, खंजिरीची चकती वाजली पाहिजे, छाती हलून काय करता? बासवाल्या टेपावर खंजिरी बुडून जाते अन् महाराजांचे शब्द समजत नाहीत. त्यानं साधा एका भोंग्याचा टेप ठेवला, मातीच्या रांजणावर. रांजणाच्या पोकळीतून आवाज भरून येई अन् शब्द स्वच्छ राही. मी त्याच टेपावर गाडगे महाराजांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. १९५६ मध्ये मुंबईला वांद्र्यात झालेलं त्यांचं कीर्तन मुद्रित झालेलं आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावकडे बाबा गेले. माझ्या जन्माच्या आधी गेलेला माणूस माझ्याच बोलीत मला प्रश्न विचारत होता. टेपरेकॉर्डर ही चैन आहे असं जे म्हणतात, त्यांना मी हे सांगतो.

टीव्हीचं फार लांबवत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला. १९८४ च्या सुमारास जागोजागी लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, अन् आमच्याकडे वीस-वीस फुटांच्या पाइपावर अँटेना चढले. वर एकजण पाइप फिरवी, खाली दुसरा ओरडे, ‘‘मुंग्या आल्या, मांगं घे!’’ १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी वीज गेली तर काय, हा आख्ख्या गावाचा प्रश्न. तेव्हा शौकीनाचं मत पुन्हा कामी आलं. रंगीत नको, चौदा इंची काळा-पांढरा घ्या, तो बारा व्होल्टवर चालतो. ट्रॅक्टरची बॅटरी लावून लोकांनी रामायण पाहिलं. रंगीतवाले त्या दिवशी काळ्या-पांढऱ्यासमोर येऊन बसले. टीव्ही माजघरात गेल्यानं बायाही समोर बसल्या. रेडिओच्या वेळी जे झालं नव्हतं ते इथं झालं.

नव्वदीनंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हिडिओ गेमचा डबा आला. जपानी कंपनीच्या १९८३ च्या गेमची ती नक्कल. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची, मिशाळ मारिओ उड्या मारतो. कॅसेटवर लिहिलेलं असे ९९९९ गेम. पोट्ट्यांनी दोन दिवसांत शोधून काढलं की गेम खरे दहा-बाराच, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. मला त्याचं कौतुक वाटलं. बाजारानं पोत्यावर लिहिलेला आकडा खरा धरू नये, हे आम्हाला खताच्या पोत्यानं शिकवलं. त्यांना ते गेमच्या कॅसेटनं शिकवलं.

मग मोबाइल. नोकियाचा ११०० हा फोन २००३ मध्ये आला. शहरात तोवर कॅमेऱ्याच्या अन् रंगीत पडद्याच्या फोनची चर्चा होती. ११०० मध्ये त्यातलं काही नव्हतं. त्याच्या टोकाला बॅटरी होती, म्हणजे टॉर्च. रात्री ओलिताची लाइन येते, वावरात विंचू-साप, एका हातात फावडं, अन् दुसऱ्या हातातला फोनच उजेड देतो. धूळ आत जात नाही, घामट हातातून निसटत नाही, चार्जिंग दिवसेंदिवस टिकतं. शहरातले जाणकार त्याला गरिबाचा फोन म्हणत. रात्री दोनला पाणी वळवणाऱ्यानं मात्र एका शब्दात निकाल दिला, ‘‘घ्या.’’ जगात तो २५ कोटींच्या आसपास खपला. त्यानंतर चिनी फोनांची लाट आली. मोठा आवाज, दोन सिम, स्वस्त. १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय क्रमांक नसलेले फोन सरकारनं बंद करायला लावले, तेव्हा गावातले कितीतरी फोन एका दिवसात खेळणं झाले. २०१६ मध्ये जिओ आलं अन् इंटरनेट पारावर येऊन बसलं. मारुतीच्या पारावर पोट्टे पबजी खेळू लागले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, पुढच्या साली तोच खेळ दुसऱ्या नावानं परत आला.

आता खरा विषय. माझ्या पुतण्याचा पोरगा अमरावतीला शिकतो. २०२१ मध्ये त्यानं घरात सांगितलं की त्याला गेम चालणारा कॉम्प्युटर जुळवायचा आहे, सत्तर हजारांचा. घरात वाद झाला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६०२५ रुपये होता. सत्तर हजार म्हणजे जवळपास बारा क्विंटल, म्हणजे कोरडवाहू दोन एकरांचं आख्खं पीक. त्याचा बाप म्हणाला, ‘‘दोन एकराची पऱ्हाटी एका डब्ब्यात घालू का?’’ हा प्रश्न खोटा नव्हता. ज्या जिल्ह्यांत कर्जापायी माणसं जीव देतात, तिथं तो विचारलाच पाहिजे.

पोरगा भांडला नाही. त्यानं एक वही आणून दाखवली. त्यात भाव लिहिले होते. या कॉम्प्युटरचा जीव म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग. त्या वेळी त्याचे भाव पेटले होते. करोनात चिपा कमी पडल्या, शिवाय आभासी नाणी खणणारे लोक पोत्यानं कार्डं उचलत होते. आरटीएक्स ३०६० नावाचं कार्ड कंपनीनं ३२९ डॉलरला जाहीर केलेलं, पण बाजारात दुपटीच्या आसपास. तो म्हणे, ‘‘आजोबा, आता घ्याचंच नाही. हे उतरते.’’

त्याच काळात इकडे कापूस चढत होता. २०२२ च्या उन्हाळ्याआधी आमच्या मार्केटात तो दहा हजारांच्या वर गेला. आयुष्यात पाहिला नव्हता असा भाव. म्हणून पुढच्या हंगामात लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. खाटा बाहेर, कापूस आत. अंगाला खाज सुटे, पण दहा हजारांची आशा सुटेना. तो भाव परत आला नाही. उन्हाळ्यापर्यंत सात-साडेसातवर आला. कार्डाचंही तसंच झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम नावाच्या नाण्याचं खणणं बंद झालं, अन् खणणाऱ्यांची कार्डं बाजारात पडली. एकाच घरात पोरगा भाव पडायची वाट पाहत होता अन् बाप भाव चढायची. दोघांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या असत्या तर रेघ सारखीच दिसली असती. फरक एवढाच की घेणाऱ्याला थांबता येतं. विकणाऱ्याच्या डोक्यावर सोसायटीचा हप्ता असतो.

त्यानं शेवटी जुनं कार्ड घेतलं, निम्म्याहून कमी पैशात. घेताना मी सोबत होतो. आपण बैलबाजारात दात पाहतो, खूर पाहतो, अन् पैसे मोजायच्या आधी बैल जुंपून चार तास घालून पाहतो. त्यानंही तेच केलं. आधी विचारलं, हे खाणकामात राबलं का. पंख्याची धूळ पाहिली, स्क्रू कोणी उघडले का ते पाहिलं. मग विकणाऱ्याच्याच घरी अर्धा तास पूर्ण ताणावर चालवलं अन् तापमान लिहून घेतलं. मी फक्त मान हलवली.

त्याच्याशी बोलता बोलता मला या लेखाचा मुद्दा सापडला. ही पोरं इंटरनेटवर जाणकारांची मतं ऐकतात. पण ते जाणकार वस्तू तपासतात बावीस डिग्रीच्या थंड खोलीत. काहींना वस्तू कंपनीनंच पाठवलेली असते. म्हणजे पुन्हा सडकेकाठचं ओलिताचं वावर. आमच्या अकोल्यात मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा असतो, अन् पत्र्याच्या खोलीत चाळीस सहज. खोली जेवढी तापते तेवढा चिपचा पारा वर सरकतो. तिथं जे पंचाहत्तरवर निवांत चालतं, ते इथं पंचाण्णवला टेकतं अन् आपोआप मंद होतं. दुसरी गोष्ट विजेची. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की आमच्या गावात व्होल्टेज १७०-१८० वर येतं. तिथं दोनशेच्या खाली न चालणारा स्वस्त पॉवर सप्लाय बंद पडतो. शंभरपासून दोनशे चाळीसपर्यंत चालणारा घेतला तर टिकतो. शहरातल्या मतात ही ओळ शेवटी बारीक अक्षरात असते. इथं ती पहिली पाहिजे.

म्हणून या पोरानं अन् त्याच्या पाच-सहा गावांतल्या दोस्तांनी आपली आपली नोंद सुरू केली आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोन वाजता कोणाचा कॉम्प्युटर किती तापला, कोणता पंखा टिकला, कूलरच्या ओल्या हवेनं कोणाचा गंजला, लाइन गेल्यावर बॅटरी किती मिनिटं चालली. नागपूरपासून बुलढाण्यापर्यंतची पोरं एकमेकांना विचारतात. मचाणावरच्या त्या चार ट्रान्झिस्टरांचंच हे पुढचं पान आहे. अन् आणखी एक गोष्ट मला आवडली. आताचा मोबाइल चिकटवलेला असतो, बॅटरीही आपल्याला काढता येत नाही. हा कॉम्प्युटर मात्र बंडीसारखा आहे. चाक मोडलं तर चाक बदला, जू मोडलं तर जू. एक भाग विकून त्यात भर घालून दुसरा घ्या. नव्या वस्तूंत स्क्रूड्रायव्हरनं उघडता येणारी ही एक शिल्लक राहिली.

तो गेम खेळतो. ते मी लपवत नाही, अन् त्याला अभ्यासाचं नावही देत नाही. त्याच डब्यावर तो लग्नाचे व्हिडिओ जुळवून हंगामात चार पैसे आणतो, हेही खरं. पण मला त्यापेक्षा त्याची वही मोलाची वाटते. ज्या घरात भावाची वाट पाहणं म्हणजे फक्त आशा होती, तिथं एकानं कारण विचारून वाट पाहिली.

या वर्षी खरीपाच्या आधी मी त्याला एक काम सांगितलं आहे. त्याच्या त्या दोस्तांच्या गावांत कोणतं सरकीचं बियाणं कोण्या जमिनीत, किती फवाऱ्यांत, किती उतारलं, हेही त्याच वहीत लिहा म्हटलं. कोरडवाहूचं वेगळं, ओलिताचं वेगळं. तो म्हणाला, ‘‘आजोबा, कार्डाचं लिवतो तसंच लिवतो.’’ पहिली पाच नावं आली आहेत. तीन कोरडवाहूची आहेत.